आधी नाक, मग काच

३ मार्च, मंगळवार

आज एका प्लेटने माझा पाणउतारा केला.

प्लेट म्हणजे जंतू उगवायची बशी; ही परवा पसरलेली, एका रोग्याच्या रक्ताच्या बाटलीतली. आठ दिवस बाटली यंत्रात गप्प पडून होती आणि नवव्या दिवशी वाजली, म्हणजे आत काही वाढतंय म्हणून यंत्राने घंटा दिली. सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढली तर बारीक बारीक दाणे, वाळू सांडल्यासारखे. झाकण अर्धं उचललं, वास घेतला. काही नाही. परत घेतला. काही नाही!

तीस वर्षं झाली मला हे काम करताना. एक जंतू द्राक्षांचा वास देतो, एक करपलेल्या चॉकलेटचा, एक धुण्याच्या ब्लीचचा. यंत्राला दोन दिवस लागतात तिथे मला दोन श्वास लागतात. जुने सर म्हणायचे, आधी नाक, मग काच. म्हणजे आधी हुंगा, मगच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. त्यांनी शिकवलं, मी शिकले, आणि आता साऱ्या मजल्यावर मला 'नाक' म्हणतात. तोंडावर 'ताई', पाठीमागे 'नाक'. मला दोन्ही आवडतं.

आताच्या मॅडमनी गेल्या वर्षी भिंतीवर कागद लावला — प्लेट हुंगू नये. खाली सगळ्यांच्या सह्या. माझीही आहे. सही हाताने केली होती, नाकाने नाही.

धाकटी, माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी, आज रजेवर. तीन दिवस झाले, पोट बिघडलंय म्हणे. ती असती तर तिलाही म्हटलं असतं, घे बघू वास. खोलीत मी एकटीच होते.

४ मार्च

यंत्राने काहीतरी भलतंच नाव सांगितलं. माझा विश्वास नाही. मॅडमनी प्लेट मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवली.

१२ मार्च, गुरुवार

उत्तर आलं. ब्रुसेला.

गुराढोरांचा रोग. गाभण गाई त्याने गाभडतात, वासरू पोटातच जातं. माणसाला कच्च्या दुधातून होतो, गोठ्यात बाळंतपणं करताना होतो. आणि प्रयोगशाळेत होतो, प्लेट उघडी ठेवली तर. नाकाने आत ओढला तर चिमूटभरही पुरतो.

मॅडमनी दार लावून घेतलं आणि मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो.

"ताई, प्लेट कुठे उघडली होती? बाकावर की कपाटात?"

बाक म्हणजे कामाचं उघडं टेबल, कपाट म्हणजे हवा आत खेचणारं काचेचं कपाट. त्यात हात घालून काम केलं की काही बाहेर येत नाही.

"कपाटात," मी म्हटलं.

"वास नाही ना घेतला?"

"नाही हो."

"घेतला असेल तर सांगा. तीन आठवडे औषध घ्यायचं, बस. कुणी काही म्हणणार नाही."

कुणी काही म्हणणार नाही! सगळे म्हणणार. चौदा महिने राहिलेत निवृत्तीला. निरोपाच्या दिवशी लोकांनी काय सांगायचं — नाकाने नाक कापून घेतलं?

"नाही घेतला," मी पुन्हा म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली. दुसरी सही.

१३ मार्च

त्या बाटलीबरोबरचा फॉर्म आज मुद्दाम काढून वाचला. गोठ्यात कामाला असलेली बाई, दीड महिना ताप. आणि 'संशयित आजार' या रकान्यात पाठवणाऱ्या डॉक्टरने काय लिहावं? ताप. अहो, ताप तर तिलाही ठाऊक होता! गोठ्याचा उल्लेख पानाच्या पार तळाशी, व्यवसाय म्हणून. एक ओळ लिहायला काय जात होतं त्या गृहस्थाचं? एका ओळीवर आम्ही प्लेट कपाटात उघडली असती. माणसं स्वतःपुरतं पाहतात, दुसऱ्याच्या जिवाची कुणाला पडलेली नसते. दिवसभर धुसफुसत होते.

मॅडमनी फॉर्म बदलायला घेतलाय. नवा प्रश्न — जनावरांशी किंवा कच्च्या दुधाशी संबंध? हो / नाही. 'हो' असेल तर बाटलीवर लाल चिकटपट्टी, आणि ती फक्त कपाटात उघडायची.

धाकटी कामावर आली. पोट बिघडलं नव्हतं. तिसरा महिना लागलाय! जेवणाच्या सुट्टीत कानात सांगितलं. म्हणाली, "आईच्या आधी तुम्हाला सांगतेय." मग म्हणाली, "तुम्ही आजी होणार, कबूल?" मी कबूल म्हटलं आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आले.

बरं झालं ती त्या दिवशी नव्हती. हे एक फार बरं झालं.

१५ मार्च

ह्यांना काही सांगितलेलं नाही. विचारलं, "गप्प का?" म्हटलं, दात दुखतोय.

१९ मार्च, गुरुवार

वाचत बसलेय गेले चार दिवस. जुन्या सरांची पुस्तकं, शिवाय मॅडमनी वाटलेले कागद. वाचू नये खरं तर.

आपल्या अंगात एक पेशी असते, तिचं कामच गिळणं. परका जंतू दिसला की गिळायचा, आत एका पिशवीत कोंडायचा. मग पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन तिला मिळते, जंतू विरघळतो, खेळ खलास. हे रोज अगणित वेळा होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

ब्रुसेला पळत नाही. तो स्वतःला गिळू देतो. बरेचसे त्यात मरतात, सुरुवातीलाच. उरलेले पिशवीत बसून राहतात. पिशवी आंबट व्हायला लागते. इतर जंतूंचं तिथे संपतं, ह्याला मात्र त्या आंबटपणावरूनच कळतं की आपण आत पोचलो. मग तो पिशवीच्या भिंतीतून काहीबाही बाहेर सोडतो आणि पेशीच्या कारभारात ढवळाढवळ करतो. पाचक रस पुरते येऊन मिळतच नाहीत. पिशवी हळूहळू सरकत पेशीच्या कारखान्याशी जाते, जिथे तिची प्रथिनं बनतात. तिथली भिंत हा अंगावर ओढून घेतो आणि बिऱ्हाड थाटतो. एकाचे दोन, दोनाचे चार. पेशी मरत नाही. ती आपली गस्त घालत हिंडते — यकृत, प्लीहा, हाडांमधला मगज, पाठीचे मणके. पहारेकरी चोराला कडेवर घेऊन घरभर फिरतोय आणि त्याला वाटतंय, आज सगळं शांत आहे.

म्हणून साधी औषधं पुरत नाहीत. रक्तात औषध असतं, जंतू भिंतीआड. आत शिरणारी दोन औषधं एकदम, निदान सहा आठवडे. तरी काहींचा रोग परत उलटतो.

धाकटीला सांगितलं हे सगळं, शिकवायचं म्हणून. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मग ताई, त्या पेशीची चूक काय झाली?"

"काही नाही. नेमून दिलेलं काम केलं तिने. गिळलं."

"आणि बोलली नाही कुणाला," ती हसत म्हणाली. ती असंच बोलते. मला हसता आलं नाही.

२७ मार्च

चोवीस दिवस झाले. काही नाही. बहुतेक सुटले.

२ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी अंगात कसकस. थर्मामीटर लावला, एकशे एक. ह्यांना म्हटलं, हवा बदललीय.

३ एप्रिल

सकाळी ताप नाही. एकदम ठणठणीत. बस पकडायला चक्क पळाले. उगाच घाबरले होते!

३ एप्रिल, संध्याकाळ

आला परत.

७ एप्रिल

रोज पाचच्या सुमारास येतो, घड्याळ लावल्यासारखा. आमच्याकडे घड्याळांना तोटा नाही. हे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतायत, अजूनही खिडकीशी बसून डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडतात. आज भिंग न काढताच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू रोज पाच वाजता मागे पडतेस."

"तेल घाला," म्हटलं.

"आधी उघडून बघावं लागेल."

विषय बदलला. पाच-सहा गोळ्या आहेत ताप उतरवायच्या, त्यावर दिवस ढकलतेय.

११ एप्रिल, शनिवार

पहाटे जाग आली. उशी भिजलेली, अंगावरचं सगळं भिजलेलं. उठून कपडे बदलायला गेले आणि काढलेला झगा हातात तसाच राहिला.

वास आला. ओल्या गवताचा. भिजलेलं गवत बंद खोलीत दाबून ठेवलं की जो येतो तो.

जुने सर सांगायचे. या तापाच्या रोग्याच्या घामाला ओल्या गवताचा वास येतो, म्हणायचे, एकदा घेतला की विसरत नाही. मला कधी घ्यायला मिळाला नव्हता. आमच्याकडे बाटल्या येतात, माणसं येत नाहीत.

प्लेटला वास नव्हता. तो इथे होता. झगा नाकाशी धरून न्हाणीघराच्या फरशीवर बसून राहिले. ओळखला मी. दोन श्वासांत ओळखला. खरं सांगायचं तर क्षणभर बरं वाटलं, नाक अजून शाबूत आहे म्हणून. केवढी मूर्ख बाई आहे मी.

१२ एप्रिल

रविवार. उशीच्या खोळी धुतल्या. ह्यांना म्हटलं, धूळ बसली होती.

१४ एप्रिल, मंगळवार

पाठ. कमरेच्या वर, एकाच जागी, खिळा ठोकल्यासारखी. स्टुलावरून उठताना धाकटीने हात दिला. पाचव्या महिन्याकडे निघालेली पोर मला हात देते! म्हणाली, "ताई, दोघींत गरोदर कोण आहे?" सगळे हसले. मीही.

काही करावंसं वाटत नाही. बसमध्ये खिडकीशी बसते आणि उतरायचा थांबा येऊन जातो. खायला घेतलेलं तसंच राहतं. कालपासून विनाकारण रडू येतंय. ह्यांनी मनगटाला घड्याळ बांधून मागितलं, एवढ्यावरून रडले.

कागदांत पाहिलं. मन खिन्न होणं हेही लक्षणांच्या यादीत आहे, पाठदुखीच्या खाली, तिसऱ्या ओळीत. वाचून जरा बरं वाटलं. म्हणजे हे दुःख माझं नाही, त्यांचं आहे. पण मग खोटं कोण बोललं? ते यादीत नाही.

१६ एप्रिल

औषध सुरू करायला हवं. स्वतःच्या मनाने? सहा आठवड्यांची दोन कडक औषधं कोण देणार हातात? मॅडमना सांगावं. तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा कुणी आत होतं. तिसऱ्यांदा त्या एकट्या होत्या आणि मी विचारलं, "नवे हातमोजे कधी येणार?"

१८ एप्रिल, शनिवार

पुलापलीकडच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथे मला कुणी ओळखत नाही. तरुण माणूस आहे, नीट तपासलं, प्लीहा चाचपून पाहिली. मोठी लागतेय म्हणाले.

"कसली भीती वाटते तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून निघालं!

नाव माहेरचं सांगितलं. बत्तीस वर्षांत कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती, त्यांनी मारली तेव्हा मी ओ द्यायलाच विसरले. व्यवसाय — गृहिणी. मग आमचाच नवा फॉर्म समोर आला, मॅडमनी बनवलेला. जनावरांशी किंवा कच्च्या दुधाशी संबंध? डॉक्टरांनी वाचून दाखवला. मी म्हटलं, नाही. खोटं नाही काही. जनावर पाळलेलं नाही, कच्चं दूध पीत नाही. त्यांनी 'नाही'वर खूण केली.

संशयित आजार — ताप.

रक्त घेतलं त्यांनी. बाटली आमच्याकडेच जाणार, दुसरीकडे कुठे ही तपासणी होतच नाही. तेच मला हवंय. यंत्रात लावणार मी, वाजली की उघडणार मी, कपाटात, हातमोजे घालून, तोंड बांधून. त्या गोठ्यातल्या बाईची आठ दिवसांनी वाजली, म्हणजे माझी पुढल्या रविवारच्या आत नाही. उगवलं की अहवाल डॉक्टरांकडे जाईल, ते औषध देतील. या कानाचं त्या कानाला कळणार नाही. धाकटीचं बोटही लागू देणार नाही त्या बाटलीला.

२० एप्रिल, सोमवार

शनिवारी संध्याकाळी आलेल्या बाटल्यांत माझी होती. तिसरा कप्पा, डावीकडून सहावी. माहेरचं नाव छापलेला कागद तिच्यावर चिकटलेला. शेजारच्या दोन बाटल्यांना लाल पट्टी आहे, हिला नाही. धाकटीला मॅडमनी लाल पट्टीच्या जवळपासही फिरकायचं नाही असं बजावलंय. ती त्या बाटल्या आल्या की खुर्ची मागे ढकलते आणि लांबून नमस्कार करते.

उभी राहून बघत होते. यंत्र बाटल्या हलवत होतं, हळूहळू, डावी-उजवी. कुणाचंही रक्त असल्यासारखं दिसत होतं.

पट्टी लावावी का गुपचूप? लावली तर मॅडम विचारणार कुणी लावली, का लावली, कोण ही बाई. हातात पट्टीचा गुंडाळा होता. ठेवून दिला परत. मी आहेच की लक्ष ठेवायला.

२१ एप्रिल

वाजली नाही.

२२ एप्रिल, बुधवार

वाजली नाही.

आज एक झालं. मळमळीमुळे धाकटी इतके दिवस नाक मिटूनच होती, नुसत्या साबणानेही तिला उमासे यायचे. आता सगळं मोकळं झालंय. दुपारी मी वळून पाहते तर ही बाकावर, कुणाच्या तरी जखमेची प्लेट हातात, झाकण अर्धं उचललेलं, डोळे मिटलेले.

"द्राक्षं!" म्हणाली.

बरोबर होतं. यंत्राने तासाभराने तेच नाव सांगितलं. ती माझ्याकडे बघून असं हसली! मॅडमच्या कागदावर तिचीही सही आहे. मी रागवायला हवं होतं. आधी एकदा सांगून झालं होतं, पोटात बाळ आहे, आता हुंगणं बंद. पण तेही मी अर्धवटच म्हटलं होतं, सांगायचं म्हणून. आणि आज तर तेवढंही म्हटलं नाही. तीस वर्षांत इतक्या मुली आल्या आणि गेल्या, हिचंच काय ते नाक. जुन्या सरांकडून मला, माझ्याकडून हिला.

"पण कुणी नसताना नको," एवढं म्हटलं.

"तुम्ही असताना चालेल?"

"चल, कामाला लाग."

मग माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत काहीतरी सरकलं, नखाएवढं; इतक्या लवकर बाहेरून लागत नाही हे ठाऊक आहे, तरी वाटलं. आम्हाला मूल झालं नाही. ते दुःखही आता जुनं होऊन घरातल्या सामानासारखं झालंय, त्याला वळसा घालून आम्ही चालतो. पण आज हात काढवेना.

२३ एप्रिल, गुरुवार

घरी. सकाळीच एकशे तीन. बिछान्यातून उठले आणि भिंत धरून परत बसले. ह्यांनी माझी पिशवी कपाटावर ठेवून दिली, मला हात पुरणार नाही अशी. म्हणाले, "आज जायचं नाही. जग काही बंद पडत नाही."

हिशेब केला. पाचवा दिवस. आठाच्या आत वाजत नाही. एक दिवस काही होत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

अजून उठवत नाही. ह्यांना सांगितलं. सगळं. प्लेट, सही, ओलं गवत, माहेरचं नाव, बाटली.

ते खिडकीशी बसले होते. भिंग काढलं, रुमालाने पुसलं, डबीत ठेवलं. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मला दात सांगितलास तेव्हापासून," ते म्हणाले.

"हो."

"तू मरशील का याने?"

"नाही. औषध घेतलं तर नाही."

"मग मॅडमना आज फोन कर."

"त्या परगावी गेल्यात बैठकीला. सोमवारी येतील."

"फोन परगावीही जातो."

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? समोर बसून सांगते. सोमवारी सकाळी, पहिलं काम हेच. पाहिजे तर तुम्ही दारापर्यंत सोडायला या."

"आणि ती बाटली?"

"अजून वाजायची नाही. वाजली तरी प्लेटवर दाणे दिसायला दोन दिवस लागतात. माझ्याशिवाय तिकडे कोण बघतंय?"

ते उठले आणि माझ्या कपाळावरची घडी बदलली. मग ओल्या उशीची खोळ काढायला लागले. त्यांना वास येत नाही कसलाच, लहानपणापासून. मी म्हटलं, अहो, राहू द्या. नाही राहू दिली.

रडले आज, पण ते यादीतलं रडणं नव्हतं. हलकं वाटतंय. दीड महिन्यात पहिल्यांदा. सोमवारी काय होईल ते होईल. नोकरी गेली तर गेली, नाक गेलं तर गेलं. त्याआधी भिंतीवरच्या त्या कागदासमोर उभं राहून सगळ्या मुलींना सांगेन, मी काय केलं ते, आणि धाकटीला समोर बसवून शपथ घालेन की यापुढे प्लेटचं झाकण नाकाशी न्यायचं नाही. ती शिकलीय ते माझ्याकडून, विसरवायचंही मीच.

आजी होणार, कबूल केलंय.

२५ एप्रिल, शनिवार

साडेअकराला धाकटीचा फोन. "ताई, बऱ्या आहात का? एक गंमत सांगायचीय. गुरुवारी सकाळी एक बाटली वाजली, बिनपट्टीची, मी पसरली. आज प्लेटवर बारीक दाणे आहेत, वाळूसारखे. काच अजून केली नाही, आधी वास घेतला, तुम्ही सांगता तसा, झाकण अर्धं उचलून. काहीच येत नाही हो. परत घेतला, तरी नाही. तुम्ही असता तर ओळखलं असतं."

म्हटलं, झाकण लाव. दूर हो. खोलीतून बाहेर ये आणि मॅडमना आत्ता फोन लाव.

"का? कुणाची प्लेट आहे ती?"

माझी, म्हटलं.